चाकणची पहिली नोकरी: हातात पडणाऱ्या सोळा हजारांत महिना कसा काढायचा

आमच्या बीडकडच्या केज तालुक्यातून दर वर्षी जून-जुलैत पोरं आयटीआय नाहीतर डिप्लोमा आटोपून पुण्याजवळच्या चाकणला कारखान्यांत कामाला येतात. मीही तसाच आलो होतो, एक सॅक, एक बादली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन. पहिलं वर्षभर दर महिन्याच्या वीस तारखेला माझा खिसा रिकामा असायचा आणि पैसे गेले कुठे ते सांगता यायचं नाही. दारू नाही, गुटखा नाही, तरी ही गत. आता गावाकडून फोन येतात, “दादा, मी येतोय. किती पैसे आणू? किती उरतील?” प्रत्येकाला तासभर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

खालचे भाव माझ्या हिशोबाचे आहेत. तुमच्या वाडीत शे-दोनशे इकडेतिकडे होतील.

१. निघण्याआधी: पहिले चाळीस दिवस पगार नसतो

हे कोणी सांगत नाही. पाच जुलैला जॉइन झालात तर पहिला पगार ऑगस्टच्या सात ते दहा तारखेला येतो. काही कॉन्ट्रॅक्टरांचा महिना एकवीस ते वीस असा असतो, म्हणजे तो पहिला पगारही पंधरा दिवसांचाच. तोवर खायचं, राहायचं गावाहून आणलेल्या पैशांवर.

माझा अंदाज असा: कॉटचं (सामायिक खोलीतल्या एका खाटेचं) भाडं आणि डिपॉझिट मिळून ५,०००, दीड महिन्याची मेस २,९००, चहा-नाश्ता आणि येणं-जाणं २,०००, गादी, कुलूप, साबण वगैरे १,५०० आणि हात न लावायचे १,०००. एकूण १२,४००. दहाच्या आत घेऊन याल तर तिसऱ्या आठवड्यात कुणाकडे तरी हात पसरावा लागेल.

माझे पैसे आले कुठून ते सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. आई-वडील ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी वडिलांनी मुकादमाकडून, म्हणजे तोडणीच्या ठेकेदाराकडून, नेहमीच्या उचलीवर (आगाऊ पैशांवर) पंधरा हजार जादा घेतले. म्हणजे दिवाळीनंतर जो ऊस ते तोडणार होते, त्याचे पैसे जूनमध्येच मी चाकणला खर्च केले.

बरोबर घ्यायची कागदपत्रं:

- आधार (मोबाइल नंबर जोडलेला हवा, नाहीतर पीएफचं एकही काम होणार नाही), पॅन, बँक पासबुक
- दहावी, बारावी, आयटीआय किंवा डिप्लोमाच्या गुणपत्रिका, प्रत्येकी तीन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे दहा-बारा फोटो
- रेशनकार्डाची झेरॉक्स
- आधी कुठे काम केलं असेल तर जुना यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर

सामानात एक जाड पांघरूण, ताट-वाटी, बादली-मग आणि एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. या गोष्टी इथे येऊन घेतल्या की सातशे-आठशे सहज जातात. कडक भाकरी आणि चटणी आणा. पहिल्या आठवड्यात ती नाश्त्याचे पैसे वाचवते, आणि खोलीतल्या पोरांशी ओळखही करून देते.

दोन सापळे इथेच असतात. नोकरी लावून देतो म्हणून “रजिस्ट्रेशन फी” मागणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्याला एक रुपयाही देऊ नका. गेटवर कॉन्ट्रॅक्टरची माणसं फुकटात भरती करतात. आणि मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात देऊ नका. “जमा ठेवावी लागते” असं म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर दिसला की दुसरं गेट धरा.

२. सांगितलेला पगार आणि हातातला पगार

मला भरतीच्या वेळी “बावीस हजार” सांगितले. मी घरी बावीसच सांगितले. वडिलांनी पारावर सांगितले. पहिल्या पूर्ण महिन्याला खात्यात आले १६,२००.

फसवणूक नव्हती. बावीस हा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला आपल्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाचा आकडा होता. त्यात कंपनी आपल्यासाठी भरते तो पीएफ, ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा सरकारी विमा), बोनस सगळं मोजलेलं असतं. सॅलरी स्लिपवर ढोबळ पगार १८,५०० होता, त्यातला बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) १३,०००. कपात अशी:

- पीएफ, बेसिक-डीएच्या १२ टक्के: १,५६०
- ईएसआय, ढोबळ पगाराच्या ०.७५ टक्के: १३९
- व्यवसाय कर: २०० (फेब्रुवारीत ३००)
- कॅन्टीन: ४०१

व्यवसाय कराबद्दल एक गोष्ट मुलींनी लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पगारापर्यंत हा कर लागत नाही. स्लिपवर २०० कापलेले दिसले तर एचआरला विचारा, चूक असते.

ओटीचे, म्हणजे ओव्हरटाइमचे पैसे महिन्याच्या हिशोबात धरू नका. कायद्याने जादा तासाचा दर दुप्पट असतो, त्यामुळे ज्या महिन्यात ओटी जोरात चालते त्या महिन्यात खातं फुगलेलं दिसतं. ऑर्डर कमी झाली की पहिली बंद होते तीच. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या पोराने ओटी धरून गाडीचा हप्ता बांधला आणि तिसऱ्या महिन्यात ओटी थांबली.

आता सगळ्यात अवघड काम. ही स्लिप व्हॉट्सॲपवर घरी पाठवा. लाज वाटते, मला वाटलीच. पण घरच्यांच्या डोक्यात बावीस हजार राहिले की बहिणीची फी, मोटारीचं वाइंडिंग, मामाच्या घरचं लग्न, सगळ्याचं गणित बावीसवर मांडलं जातं, आणि तुम्ही नाही म्हणू शकत नाही. मी चार महिने नाही म्हणू शकलो नाही. ते पैसे कुठून आणले हे सातव्या पायरीत आहे.

३. खोली

मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, जिथे कंपनी त्याच्या आसपास बघा. आधी कंपनीची बस कोणत्या चौकात थांबते ते विचारा आणि त्या चौकापासून पायी दहा मिनिटांत खोली शोधा. भाडं तीनशेने जास्त पडलं तरी चालेल, कारण रोजची शेअर रिक्षा महिन्याला हजार खाते.

कॉट बेसिसवर साधारण २,५०० लागतात. चौघांनी मिळून वन आरके घेतली तर डोक्यावर थोडं कमी पडतं, पण मधेच एकजण सोडून गेला की त्याचा वाटा उरलेल्या तिघांवर येतो. पहिले सहा महिने कॉटच बरी.

घरमालकाशी बोलताना हे विचारून घ्या:

- डिपॉझिट परत कधी, आणि किती दिवस आधी सांगायचं? उत्तर चिठ्ठीवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पैसे रोख न देता यूपीआयने द्या, म्हणजे पुरावा राहतो.
- वीज युनिटला किती? बऱ्याच ठिकाणी मालक सबमीटर लावून सरसकट दहा-बारा रुपये घेतात.
- पाणी कोणत्या वेळेला येतं? रात्रपाळीवाल्याने हे नक्की विचारावं.

सबमीटर असेल तर पाण्यात टाकायच्या हीटर रॉडचा हिशोब करा. १,५०० वॅटचा रॉड पंधरा मिनिटं लावला की पाऊण युनिटाच्या निम्मं जळतं, म्हणजे बारा रुपये दराने एका बादलीला साडेचार रुपये. महिन्याला १३५. चौघे चार वेळा रॉड लावतात, आणि बिल आल्यावर भांडणं होतात. एकच मोठी बादली कढत करून दोघांनी वाटून घेतली तर खर्च निम्म्यावर येतो. हे सुचायला आम्हाला दोन हिवाळे लागले!

खोलीत शिरल्या दिवशी भिंती, नळ, पंखा यांचे फोटो काढून ठेवा. सोडताना “हे तुम्हीच फोडलं” म्हणून डिपॉझिटातून कापतात.

४. पोट

एक जेवण कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, एक मेसमध्ये, ही सगळ्यात स्वस्त जोडी. कॅन्टीनचे पैसे तसेही कापले जातातच, तेव्हा तिथलं जेवण चुकवू नका. भाजी बेचव असते, मान्य. लोणच्याची पुडी खिशात ठेवा.

मेस लावताना दराआधी खाड्यांचा नियम विचारा. गावी गेलात, नाईट लागली, तर ते दिवस वजा होतात का? काही मेसवाल्या मावशी सलग तीन खाडे झाले तरच धरतात, काही आदल्या दिवशी सांगितलं तर एक खाडाही धरतात. शिफ्ट दर आठवड्याला बदलणाऱ्या माणसाला दोनशे रुपये महाग पण खाडे धरणारी मेस परवडते. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, त्या दिवसाचा खर्च वेगळा धरा. शेजारच्या मेसमध्ये सरळ महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन दिवस रोखीने जेवून बघा.

पैसे खरे जातात ते बसची वाट बघताना. वडापाव आणि चहा तीस रुपये, सुटल्यावर चहा आणि क्रीमरोल वीस. दिवसाला पन्नास, सव्वीस दिवसांचे तेराशे. कॉटचं निम्मं भाडं! मी चहा सोडा म्हणत नाही, सहा वाजताच्या थंडीत बसस्टॉपवर चहा नसेल तर माणूस कामाला जाणारच नाही. चहा टपरीवर प्या आणि खायला खोलीवरून घेऊन जा. रात्री भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, उकडलेली अंडी. अंड्यांचा तीसचा ट्रे दोघा-तिघांत घ्या.

खोलीवर स्वयंपाक करणार असाल तर पत्त्याचा पुरावा नसला तरी फक्त ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर असतो. इंडेनचा “छोटू” त्यातलाच. चौकात मोठ्या टाकीतून लहान टाकी भरून देणारे असतात, तिकडे जाऊ नका. ते बेकायदा आहे आणि आमच्या मागच्या गल्लीत त्यातून आग लागली होती. भाजी आठवडी बाजारात दिवेलागणीला घ्या. परत न्यायचा माल शेतकरी पडेल त्या भावात देतो. कांद्याची पेठ जवळ असल्यामुळे चाकणला कांदा पाच-दहा किलोने घेऊन वाटून घ्यावा.

रेशनचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. गावच्या रेशनकार्डावर तुमचं नाव असेल, आधार जोडलेलं असेल आणि ई-केवायसी झालेली असेल, तर चाकणच्या रेशन दुकानातही अंगठा देऊन धान्य घेता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, १ जानेवारी २०२३ पासून मोफत. फक्त तुम्ही इथे उचललेलं धान्य गावाकडच्या कोट्यातून वजा होतं. आईला आधी फोन करा, नाहीतर ती दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत येईल.

५. पगाराच्या दिवशी वाटण्या

पगाराचा मेसेज आला की त्याच दिवशी, बसमध्येच, वाटण्या करून टाका. संध्याकाळपर्यंत थांबलात की सगळे मिळून हॉटेलात जातात. माझी वाटणी १६,२०० ची अशी होती:

- घरी: ५,०००
- कॉट: २,५००
- वीज-पाणी-सफाई: ३५०
- मेस, रविवार धरून: १,९००
- चहा-नाश्ता: ९००
- प्रवास: ५००
- साबण, दाढी-कटिंग, कपडे धुणं: ५००
- मोबाइल: ३००
- बँकेची आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव): १,५००
- ब्रेकची शिल्लक: १,०००
- गावी जाण्याचे: ७००
- उरलेले हातखर्चाला: १,०५०

“ब्रेकची शिल्लक” हा शब्द तुम्हाला आल्यावर कळेल. कॉन्ट्रॅक्टवर असलेल्यांना सहा-सात महिने झाले की ब्रेक देतात. महिनाभर, कधी दोन महिने घरी. गेट पुन्हा उघडेपर्यंत पगार बंद, पण कॉट सोडली तर परत मिळत नाही. ब्रेक कधी येणार हे साधारण ठाऊक असतं, म्हणून त्याची तयारी पहिल्या पगारापासून. सहा महिन्यांत सहा हजार जमले की दोन महिन्यांची कॉट आणि एसटीचं भाडं निघतं.

ही शिल्लक पगाराच्या खात्यात ठेवू नका, रोजच्या यूपीआयमध्ये ती कधी विरघळते ते कळत नाही. गावच्या बँकेतलं जुनं खातं असेल तर त्यात टाका आणि ते खातं फोनमधल्या कोणत्याच यूपीआय ॲपला जोडू नका. नसेल तर शून्य शिल्लक चालणारं जनधन किंवा बीएसबीडी खातं उघडा. बँकेत “साधं सेव्हिंग” म्हणालात तर किमान शिलकीचं खातं गळ्यात मारतात.

आरडी पगाराच्या तारखेनंतर दोन-तीन दिवसांची लावा. पोस्टाची पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. चाकणला नवा आलेला माणूस पाच वर्षांनी कुठे असेल कुणास ठाऊक. त्यामुळे पहिली आरडी बँकेची, बारा महिन्यांची.

मोबाइलचं एक गणित. अठ्ठावीस दिवसांचं रिचार्ज वर्षाला बारा वेळा नाही, तेरा वेळा करावं लागतं. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला चालणारा प्लॅन प्रत्येक कंपनीला ठेवावाच लागतो. दुकानदार स्वतःहून सांगत नाही, मागून घ्या.

६. रोजमेळ

ॲप वगैरे नको. मागच्या खिशात मावेल अशी दहा रुपयांची वही घ्या, रात्री झोपताना दोन मिनिटं. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. हातखर्चाचे पैसे दर सोमवारी अडीचशे रोख काढायचे आणि टपरीवर रोखच द्यायचे. स्कॅन करताना वीस रुपये गेल्यासारखे वाटत नाहीत, नोट देताना वाटतात. मी हे तीन महिने केलं, मग कंटाळून सोडलं. पण तीन महिन्यांत कळायचं ते कळलं होतं.

७. उचल घेऊ नका

सगळ्यात जास्त पैसे मी इथे घालवले.

दुसऱ्या महिन्यात फोन घेतला. सोळा हजारांचा, “शून्य टक्के” व्याज, महिना सोळाशे. दुकानात प्रोसेसिंग फी, विमा, स्क्रीन गार्ड मिळून दीड हजार वेगळे गेले, म्हणजे शून्य टक्के कसले! त्यात एका महिन्यात घरी जास्त पाठवले आणि हप्त्याच्या दिवशी खात्यात नऊशेच होते. हप्ता परत गेला. बँकेने दंड लावला, फायनान्सवाल्याने वेगळा लावला. तो भरायला एका लोन ॲपवरून पाच हजार घेतले.

पाच हजार मंजूर, खात्यात आले ३,७००. बाकीचे १,३०० “फी”. सातव्या दिवशी पूर्ण पाच हजार परत करायचे. म्हणजे ३,७०० वर आठवड्याला १,३००, शेकडा पस्तीस, तेही एका आठवड्याचे. गावातला सगळ्यात बदनाम सावकारसुद्धा वर्षाला एवढे घेत नसेल. ते फेडायला दुसरं ॲप, ते फेडायला तिसरं. एक हप्ता चुकल्यावर त्यांनी माझ्या फोनमधल्या नंबरांवर मेसेज पाठवले. एक मेसेज वडिलांना गेला.

वडील ओरडले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, “म्हणजे तू पण उचलच घेतली.”

आमच्याकडे हा शब्द सगळ्यांना कळतो. कारखाना सुरू होण्याआधी मुकादम उचल देतो, कोयता, म्हणजे तोडणीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, चार-पाच महिने ती फेडत राहतो, फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं. पुढचा पगार आज खाल्ला की तो महिना तुमचा राहत नाही. ॲप, हप्त्यावरचा फोन, क्रेडिट कार्डाचं “मिनिमम ड्यू”, मित्राकडची उसनवारी, हे सगळे मुकादमच.

आता यातून नियम काय काढले ते:

- पहिले सहा महिने कोणताही हप्ता बांधायचा नाही. फोन फुटला तर जुना घ्या.
- कर्ज घ्यावंच लागलं तर आधी सगळा खर्च धरून वार्षिक व्याजदर किती हे लिहिलेला तक्ता मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डिजिटल कर्जात तो दाखवावाच लागतो. न दाखवणारं ॲप काढून टाका. फोनमधले संपर्क आणि फोटो मागणारं तर लगेच.
- आधीच अडकला असाल तर नवं कर्ज काढून जुनं फेडू नका. घरी सांगा. धमक्या येत असतील तर स्क्रीनशॉट ठेवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या “सचेत” पोर्टलवरही करता येते.
- खोलीतल्या पोराला उसने द्यायचे तर पाचशेच्या वर नाही, आणि ते परत येणार नाहीत असं धरून. उधारीचे पोते सव्वा हात रिते, हे आजी उगीच म्हणत नव्हती.

भिशीबद्दल सगळे विचारतात. दहा जण, हजार रुपये, चिठ्ठी टाकून दर महिन्याला एकाला दहा हजार, ही साधी भिशी एकाच लाइनवर काम करणाऱ्या, रोज तोंड दिसणाऱ्या माणसांत ठीक आहे. तीही आरडीच्या ऐवजी नको. बोली लावून कमी पैशांत उचलायची भिशी किंवा “मेंबर आणा, जादा मिळवा” असं काही असेल तर दूर राहा. आणि ब्रेक जवळ आलेल्या माणसाने भिशी लावू नये, मधेच हप्ता थांबला की नाव खराब होतं.

८. आजारपण

पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो. दर महिन्याला १३९ रुपये कापले जात असताना लोक सर्दी-तापाला खासगी दवाखान्यात पाचशे घालवतात, कारण कार्डच काढलेलं नसतं. जॉइन झाल्यावर पंधरा दिवसांत कॉन्ट्रॅक्टरकडून ई-पहचान कार्डाची प्रिंट मागून घ्या, आणि त्यात आई-वडिलांची नावं घातली का ते बघा. तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात. मोठं काही असेल तर चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. रांग असते, सकाळी लवकर जा.

दुसरी गोष्ट: आजारपणात कामावर जाता आलं नाही तर ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास पगाराच्या ७० टक्के रक्कम, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी ईएसआयच्याच डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. खासगीचं आणलं की अर्ज अडकतो.

तुम्ही ॲप्रेंटिस म्हणून आला असाल तर पीएफ-ईएसआय कापला जात नाही. मग बँकेतून दोन सरकारी विमे घ्या: अपघाताचा वर्षाला २० रुपये, जीवनाचा ४३६ रुपये, दोन्ही प्रत्येकी २ लाखांचे. खरं तर सगळ्यांनीच घ्यावेत. पैसे मेअखेरीस आपोआप कापले जातात, त्या आठवड्यात खात्यात पाचशे असू द्या. औषधं जनऔषधी केंद्रातून घ्या, डॉक्टरला औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा.

९. कॉन्ट्रॅक्टर बदलताना

यूएएन आयुष्यभर एकच असतो. नव्या ठिकाणी घाईत फॉर्म भरताना “आधी पीएफ नव्हता” असं लिहिलं की दुसरा नंबर तयार होतो आणि आधीचे पैसे लटकतात. माझ्या ओळखीच्या एकाचे तीन नंबर झाले होते, ते जोडायला वर्ष गेलं.

ब्रेक मिळाला की पोरं पहिलं काम करतात ते पीएफ काढायचं. चौकातला सायबरवाला पाचशे रुपये घेऊन काढूनही देतो. नका काढू, नव्या खात्यात ट्रान्सफर करा. तुमच्या १,५६० वर कंपनीचेही १,५६० जातात. त्यातले १,०८३ पेन्शनकडे वळतात, आणि पेन्शन लागू व्हायला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. दर वेळी पेन्शनचेही पैसे काढून घेतले की ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ऑनलाइन नॉमिनी भरून ठेवा, कारण पीएफला जोडलेला ७ लाखांपर्यंतचा विमाही असतो आणि नॉमिनी नसेल तर घरच्यांना हेलपाटे पडतात. पैसे खरंच भरले जातात का हे बघायला नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या, मेसेज येतो.

जुन्या कॉन्ट्रॅक्टरने उघडून दिलेलं पगाराचं खातं तसंच सोडू नका. काही महिने पगार आला नाही की ते साधं खातं होतं आणि काही बँकांत किमान शिलकीचा दंड सुरू होतो. बंद करा किंवा शून्य शिलकीत बदलून घ्या.

१०. पहिली दिवाळी

तिकिटाचं आधी. दिवाळीच्या आठवड्यात ट्रॅव्हल्सवाले दुप्पट-तिप्पट मागतात. कंपनीची सुट्टी बोर्डावर लागली त्याच दिवशी एसटीचं आरक्षण करा. गाडी वाकडेवाडीच्या शिवाजीनगर स्टँडवरून मिळते, आणि चाकणहून तिथवर पोचायला दिवाळीत तीन तास धरा. मुलींना एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यांनी ट्रॅव्हल्सकडे बघूच नये.

मग बोनस. २१,००० पर्यंत पगार आणि वर्षात किमान तीस दिवस काम असेल तर कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो. पण कित्येक कॉन्ट्रॅक्टर तो दर महिन्याच्या पगारातच थोडा थोडा देऊन टाकतात. स्लिपवर बोनसची ओळ दर महिन्याला दिसत असेल तर दिवाळीला फक्त मिठाईचा बॉक्स येणार आहे. ती ओळ आहे की नाही हे ऑगस्टमध्येच बघून ठेवा, आणि बहिणीला ड्रेस, वडिलांना फोन असं काही कबूल करायचं ते त्यानंतर करा.